ट्रेलसाठी एटीव्ही निवडताना: आधी उतार विचारा, मग सीसी

एटीव्ही, म्हणजे ऑल-टेरेन व्हेइकल, घेतली त्या दिवशी आईला फोनवर एवढंच सांगितलं, "चारचाकी घेतली." तिने शेजारी पेढे वाटले. संध्याकाळी फोटो पाठवला तर म्हणाली, "अरे, हिचं छप्पर कुठाय?"

छप्पर नाही, दरवाजे नाहीत, सीट-बेल्ट नाही. चार जाड टायर, मोटरसायकलसारखं हँडल आणि घोड्यासारखी मांड टाकून बसायची सीट. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती पहिल्यांदा लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टच्या आवारात पाहिलेली असते: मातीच्या रिंगणात पाच चकरा, एक फोटो, संपलं. इथे अमेरिकेत मात्र शेकडो मैलांचे डोंगरी मार्ग याच गाड्यांसाठी आखलेले आहेत. मी ओहायोत राहतो. साधारण चार तास दक्षिणेला गेलं की वेस्ट व्हर्जिनियातले हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल्स लागतात. कोळशाच्या खाणींच्या या डोंगराळ मुलखात २००० साली हे मार्ग खुले झाले आणि आता त्यांची लांबी १,००० मैलांच्या वर आहे. टग फोर्क नदीकाठच्या ज्या दोन घराण्यांच्या वैराच्या गोष्टी अमेरिकेत अजून सांगितल्या जातात, त्यांचीच नावं या मार्गांना दिली आहेत. दर वर्षी मंडळातलं कुणी ना कुणी विचारतं, "आम्हाला पण घ्यायचीय, कुठली घेऊ?" त्यांना एकेकट्याला सांगून दमलो, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहितोय.

पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती सीसीची?" चुकीचा प्रश्न. वीस वर्षं पल्सर आणि बुलेटच्या गप्पा मारल्यावर तोच सुचणार, हे मान्य. पण ट्रेलवर ताकद कमी पडली म्हणून घाबरलेला नवखा मी अजून पाहिलेला नाही. नवखे घाबरतात ते उतारावर.

पायरी १: विकत घेण्याआधी भाड्याने चालवा, आणि जुन्या सवयी मोडा

हॅटफिल्ड-मॅकॉयच्या आसपासच्या गावांत एटीव्ही भाड्याने मिळतात. किमान दोन वेगवेगळ्या जातीच्या गाड्यांवर एकेक दिवस घालवा. त्याआधी एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचा रायडर कोर्स करता आला तर उत्तमच. काही राज्यांत शिक्षण सक्तीचंही आहे: यूटामध्ये २०२३ पासून मोठ्या माणसांनाही सार्वजनिक जमिनीवर चालवण्याआधी ऑनलाइन कोर्स पूर्ण करावा लागतो.

भारतात दुचाकी चालवून आलेल्यांसाठी तीन गोष्टी इथेच सांगतो, कारण कोर्समध्ये त्या आपल्या भाषेत कुणी सांगत नाही.

एक. गाडी कलली की आपला पाय आपोआप खाली टेकतो. स्प्लेंडरवर, ॲक्टिव्हावर हाडीमाशी भिनलेली सवय आहे ती. एटीव्हीवर पाय खाली टेकवलात तर मागचं चाक त्यावरून जाईल. पाय पायदानावरच, कायम. घोट्याच्या वर येणारे बूट त्यासाठीच लागतात.

दोन. इथे थ्रॉटल पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. घाबरल्यावर मूठ घट्ट आवळली जाते आणि अंगठाही सोबत आवळला जातो. पहिल्या तासात सपाट जागेवर फक्त अंगठा सोडायचा सराव करा. विचित्र वाटेल, पण करा.

तीन. सीट लांब दिसते म्हणून मागे बायकोला आणि पुढे टाकीवर लेकाला बसवायचं नाही. ती लांबी एकट्या चालकाला पुढे-मागे सरकता यावं म्हणून असते. चढाला पुढे झुकायचं, उताराला मागे सरकायचं, वळणावर आतल्या बाजूला अंग टाकायचं. मागे माणूस बसला की हे सगळं बंद आणि गाडी उलटी. दोघांना बसायचं असेल तर कंपनीनेच दोघांसाठी बनवलेली लांब चेसिसची गाडी मिळते, उदाहरणार्थ कॅन-ॲमची आउटलँडर मॅक्स. हॅटफिल्ड-मॅकॉयवर तर गाडी दोघांसाठी बनवलेली नसेल तर मागे माणूस बसवायला मनाईच आहे, आणि हेल्मेट सक्तीचं.

अंग झुकवण्याचं महत्त्व या वाहनाच्या इतिहासातच आहे. होंडाने १९७० मध्ये आणलेली पहिली एटीव्ही तीन चाकांची होती. सुझुकीने १९८२ मध्ये चार चाकांची क्वाडरनर आणली. तीनचाकींच्या अपघातांनी एवढा गहजब झाला की १९८८ मध्ये सरकारी ग्राहक-सुरक्षा आयोगाशी झालेल्या करारानुसार कंपन्यांनी त्यांची विक्री थांबवली. चौथं चाक आल्याने गाडी सावरली खरी, पण डोलायचं काही ती विसरली नाही.

पायरी २: आधी ट्रेल ठरवा, मग गाडी

तुम्ही महिन्यातून एकदा कुठे जाणार आहात? हे ठरवल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नका.

दगड, मुळं, चिखल आणि दाट झाडीतले वळणदार मार्ग असतील, म्हणजे ॲपलेशियाचा डोंगरपट्टा (वेस्ट व्हर्जिनिया त्यातच) किंवा मिशिगनची जंगलं, तर तुम्हाला हवी युटिलिटी जातीची गाडी: फोर-व्हील ड्राइव्ह, पुढे-मागे सामानाचे रॅक, लो गिअर. यामाहा रॅप्टरसारख्या स्पोर्ट एटीव्ही दिसायला देखण्या, वजनाने हलक्या, पण टू-व्हील ड्राइव्ह. वाळूच्या टेकड्यांवर आणि मोकळ्या ट्रॅकवर त्या राज्य करतात. पहिली गाडी म्हणून चिखलाच्या डोंगरात मी ती कुणाला सुचवणार नाही.

मग येते रुंदी. नवखे ती कधीच पाहत नाहीत. अमेरिकेतल्या बऱ्याच सरकारी जंगलांत काही मार्ग ५० इंचांपर्यंतच्याच गाड्यांना खुले असतात. मिशिगनमध्ये तर "५०-इंची ट्रेल" असाच शब्द रूढ आहे. यूटातली प्रसिद्ध पायूट ट्रेल, जिचा मुख्य वळसा सुमारे २७५ मैलांचा आहे, तीही मुळात याच मापाने आखलेली. पोलारिस स्पोर्ट्समन ५७० सुमारे ४८ इंच रुंद आहे. म्हणजे ती बसते. पण हौसेने बाहेर काढलेले टायर किंवा व्हील-स्पेसर (चाक बाहेर ढकलणाऱ्या चकत्या) लावलेत की तुम्ही ५० च्या पलीकडे गेलात. शेजारी-शेजारी बसायच्या मोठ्या साइड-बाय-साइड गाड्या तर बहुतेक ६० इंच आणि वर असतात. त्यांना या अरुंद मार्गांचं दार बंद.

पायरी ३: उतरताना ही गाडी काय करते?

आता मुख्य मुद्दा. माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते. कशेडी घाटाबद्दल त्यांचं एकच सांगणं असे: ज्या गिअरला घाट चढलास, त्याच गिअरला उतर. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणाऱ्यांना ते जे काही म्हणत, ते इथे लिहिता येणार नाही.

पहिल्या वर्षी मी भाड्याच्या ७०० सीसी वर्गातल्या गाडीवर एका लांब, ओल्या उताराला लागलो. अंगठा सोडला. मला वाटलं इंजिन गाडीला धरून ठेवेल. नाही धरलं. गाडी न्यूट्रलवर पडल्यासारखी सुटली. मी ब्रेक आवळला, मागची चाकं लॉक झाली, आणि पार्श्वभाग पुढे काढत गाडी आडवी व्हायला लागली. एका ओक वृक्षाने मला वाचवलं. कुंपण म्हणून. फक्त पुढचा रॅक वाकला आणि अनामत रक्कम गेली.

का झालं ते नंतर कळलं. बहुतेक एटीव्हींमध्ये सीव्हीटी असते, म्हणजे आपल्या स्कूटीसारखा बेल्ट आणि दोन पुल्या. साध्या रचनेत इंजिनाचे फेरे कमी झाले की पुढची पुली बेल्टची पकड सोडते. पकड सुटली की इंजिन आणि चाकं यांचा संबंध संपला. यावर कंपन्यांनी वेगवेगळे उपाय काढले आहेत, आणि तुलना करायची ती याच उपायांची.

होंडा रँचर ४२० मध्ये बेल्टच नाही. खरेखुरे गिअर आहेत. क्लचची मूठ नाही. डाव्या पायाने किंवा काही मॉडेलवर डाव्या हाताच्या बटणांनी गिअर बदलायचा. काही आवृत्त्यांत तो आपोआपही बदलतो. उतारावर पहिला गिअर टाकला की गाडी मामांच्या एसटीसारखी गुरगुरत उतरते. मी रँचर घेतली ती यासाठी.

यामाहाच्या कोडिअ‍ॅक आणि ग्रिझली या गाड्यांत बेल्ट आहे, पण त्यावरचा ताण कधीच सुटत नाही. पकड-सोडीचं काम एक वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच करतो. त्यामुळे अंगठा सोडला तरी इंजिन धरून ठेवतं, आणि फोर-व्हीलमध्ये असाल तर चारही चाकांना धरतं. बेल्टच्या गाड्यांत उतारावर मला सर्वांत भरवशाची वाटलेली रचना हीच.

पोलारिसच्या मागणीनुसार चालणाऱ्या ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये मागची चाकं घसरायला लागली की पुढची जोडली जातात. चढाला ही युक्ती फार गोड. पण उतरताना पुढची चाकं मोकळी फिरू शकतात, म्हणजे इंजिनाचा अडसर फक्त मागच्या चाकांवर येतो. म्हणून काही मॉडेलवर ॲक्टिव्ह डिसेंट कंट्रोल नावाची सोय मिळते. तिने उतारावर पुढच्या चाकांनाही हा अडसर मिळतो. तुमच्या भागात तीव्र उतार असतील तर पोलारिस घेताना ही सोय त्या विशिष्ट आवृत्तीत आहे का, हे डीलरला तोंडावर विचारा. "इंजिन ब्रेकिंग आहे ना?" असं विचारलंत तर तो हो म्हणेल आणि खोटंही बोलत नसेल. "चारही चाकांवर आहे का?" असं विचारा.

ब्रेकसुद्धा सारखे नसतात. पोलारिस स्पोर्ट्समनवर डावी मूठ दाबली की चारही चाकांना ब्रेक लागतो. होंडा-यामाहात मोटरसायकलसारखी उजवी मूठ पुढच्या चाकांची. बाइक चालवलेल्या माणसाला दुसरी पद्धत लगेच हाताला बसते. नुसती कार चालवलेल्या माणसाला पहिली. दोन्ही चांगल्या आहेत, पण मित्राची गाडी घेतलीत तर निघण्याआधी मुठी दाबून पाहा.

पायरी ४: फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे नेमकी कुठली?

जाहिरातीत सगळ्याच "४×४". प्रत्यक्षात प्रश्न असा की पुढचं एक चाक हवेत लटकलं तर दुसऱ्या चाकाला जोर मिळतो का? साध्या डिफरन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकाला जोर वाटून देणारा गिअरचा डबा) सगळा जोर लटकलेल्या चाकाकडे पळतो आणि ते भुईचक्रासारखं फिरत बसतं.

यामाहा ग्रिझलीवर बटणाने तीन टप्पे मिळतात: फक्त मागची दोन, चारही, आणि चारही अधिक डिफरन्शियल लॉक. लॉक केल्यावर पुढची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात आणि हँडल जड होतं. त्यामुळे ते फक्त गोगलगाईच्या वेगात, अडलेल्या जागी. कॅन-ॲममध्ये व्हिस्को-लॉक हे काम आपणहून करतं: दोन चाकांच्या वेगात फरक पडला की ते हळूहळू आवळत जातं. पोलारिसमध्ये एकदा पुढची चाकं जोडली गेली की दोन्हींना जोर मिळतोच. नवख्याला आपोआप चालणारी व्यवस्था सोपी, कारण अडकल्यावर कुठलं बटण दाबायचं हे त्याला आठवत नाही. मला बटणाची आवडते. आधी विचार करून, दगडाच्या आधी दाबता येतं.

हिरव्या ट्रेलवर यातलं काहीच लागणार नाही. हॅटफिल्ड-मॅकॉयवर हिरवा रंग सोप्या मार्गाला, निळा मधल्याला आणि काळा सर्वांत अवघडला. पहिले दोन-तीन दौरे हिरव्यावरच काढा. पण निळ्यावर पाऊस पडला की तो काळा होतो, आणि ॲपलेशियात पाऊस विचारून येत नाही.

पायरी ५: सस्पेन्शन आणि खालची मोकळी जागा

मागच्या चाकांना एकच सरळ ॲक्सल की दोन्ही चाकं स्वतंत्र? रँचर दोन्ही प्रकारांत मिळते, त्यामुळे फरक समजायला ती उत्तम.

सरळ ॲक्सलची गाडी वळणावर कमी झुकते, देखभाल कमी, किंमत कमी. तोटा असा की एक चाक दगडावर चढलं की सगळी गाडी कलते, आणि संध्याकाळपर्यंत कंबर बोलायला लागते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये एकेक चाक आपापलं दगड गिळतं, पोटाखाली जागाही जास्त मिळते. पण वळणावर गाडी बाहेर झुकते, सांधे आणि त्यांवरची रबरी आवरणं (बूट) वाढतात, खर्च वाढतो. पस्तिशीच्या आत असाल आणि बजेट घट्ट असेल तर सरळ ॲक्सल चालेल. माझ्या वयाला स्वतंत्रच. मी सरळ ॲक्सलची घेतली आणि दर दौऱ्यानंतर सोमवारी खुर्चीतून उठताना मला ते आठवतं.

ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा वाचताना तो कुठे मोजलाय ते पाहा. पोटाखालचा आकडा वेगळा, मागच्या डिफरन्शियलखालचा वेगळा. स्वतंत्र सस्पेन्शनच्या युटिलिटी गाड्यांत साधारण दहा ते बारा इंच दिसतात. सरळ ॲक्सलच्या गाडीत मागच्या ॲक्सलवरचा गिअरचा गोळा बराच खाली असतो. खोल चाकोऱ्यांमध्ये चाकं चाकोरीत आणि तो गोळा मधल्या उंचवट्यावर नांगरासारखा फिरतो. आणखी एक: जास्त उंची म्हणजे गुरुत्वमध्यही वर. सगळ्यांत उंच गाडी सगळ्यांत सुरक्षित असते असं नाही, उलट.

पायरी ६: वजन, आणि तुमचं माप

रँचर पेट्रोलसकट २६५ किलोच्या आसपास, स्पोर्ट्समन ५७० साधारण ३२०. हजार सीसीच्या गाड्या त्याहून जड. हे वजन ट्रेलवर जाणवत नाही, जाणवतं ते गाडी खड्ड्यात कलंडल्यावर. दोन जण मिळून २६५ किलो कसेबसे सरळ करतात. त्यापुढे विंच (दोराने गाडी ओढून काढणारं यंत्र) किंवा तिसरा माणूस शोधा.

शोरूममध्ये उभं राहून पायदानावर वजन टाका. गुडघे किंचित वाकलेले असताना हँडल आरामात हातात येतं का? हँडल एका टोकाला पूर्ण वळवल्यावर लांबच्या हाताचा अंगठा थ्रॉटलपर्यंत पोहोचतो का? पाच फूट दोन इंच उंचीच्या माझ्या बायकोला ग्रिझलीवर तो पोहोचत नव्हता. यामाहाचीच कोडिअ‍ॅक ४५० तिला हातमोज्यासारखी बसली. मुलांचं माप तर अजिबात अंदाजाने ठरवायचं नाही. प्रत्येक एटीव्हीवर किमान वयाचं लेबल असतं. मोठ्या मापाच्या गाड्या १६ वर्षांवरच्यांसाठी, त्याखालच्या मुलांना त्यांच्या वयोगटाच्या छोट्या गाड्या. "आमचा बंटी उंच आहे" हा युक्तिवाद चालत नाही, कारण लागतो तो अंदाज आणि अंगातलं वजन, उंची नव्हे.

पॉवर स्टिअरिंगसाठी जादा पैसे द्यावेत का? द्यावेत. रंग, स्पीकर, डिजिटल पडदा यांत एकही डॉलर घालू नका आणि तो इथे घाला. हँडल हलकं होणं हा बोनस. खरा फायदा असा की चाक दगडावर आदळल्यावर हँडल जो हिसका मारतं, तो मनगटापर्यंत येता येता मरतो.

पायरी ७: आता सीसी

आलोच शेवटी. नावातल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा याचं एकच उदाहरण देतो. कॅन-ॲमच्या २०२३ पासूनच्या आउटलँडर ५०० आणि ७०० या दोन्ही गाड्यांत ६५० सीसीचं एकसिलिंडर इंजिनच आहे. एकीत ४० अश्वशक्ती, दुसरीत ५०. यामाहाची ग्रिझली आणि कोडिअ‍ॅक ७०० या दोघी ६८६ सीसीच्या सख्ख्या बहिणी, पण कोडिअ‍ॅक अरुंद, छोट्या टायरची आणि शांत स्वभावाची. ग्रिझली उंच टायरची आणि तिखट. आणि कोडिअ‍ॅक ४५० प्रत्यक्षात ४२१ सीसीची.

एकट्या ७०-८० किलोच्या नवख्याला डोंगरी ट्रेलवर ४०० ते ५७० चा वर्ग भरपूर झाला. ४४ अश्वशक्तीची स्पोर्ट्समन ५७० कुठल्याही निळ्या ट्रेलवर कमी पडलेली मी पाहिली नाही. ७०० चा वर्ग तेव्हा घ्या, जेव्हा तुमचं वजन शंभरच्या पुढे असेल, तुम्ही सामानासकट लांब जाणार असाल, किंवा समुद्रसपाटीपासून खूप उंचावर, म्हणजे यूटा-कोलोरॅडोत चालवणार असाल; तिथे विरळ हवेत प्रत्येक इंजिनाचा दम कमी होतो. हजार सीसी नवख्याने घेणं म्हणजे सायकल शिकायला घोडा आणणं.

पायरी ८: गाडी घरी आणायची कशी, याचं गणित आधी

आपल्याकडे हमखास फसणारी जागा ही. दारात होंडा सीआर-व्ही असते. तिच्या पेट्रोल आवृत्तीची ओढायची क्षमता १,५०० पौंड. ७०० पौंडांची एटीव्ही, पाच-सहाशे पौंडांचा छोटा ट्रेलर, वर पेट्रोलचे कॅन आणि हत्यारं: झालात काठावर. वर गाडीत चार माणसं, डब्यांची पिशवी आणि घाटरस्ता. मी दोन वर्षं असंच ओढलं, तुम्ही करू नका. पिकअप असेल तर मागच्या हौद्यात दोन चाककमानींमधली जागा मोठ्या ट्रकमध्ये सुमारे ५० इंच असते, त्यामुळे बहुतेक एटीव्ही बसते. फक्त रॅम्प ट्रकला पट्ट्याने बांधा. रॅम्प सरकून गाडी अंगावर येण्याचे प्रकार ट्रेलपेक्षा पार्किंगमध्येच घडतात.

किमतीचा ढोबळ अंदाज: मधल्या वर्गातली नवी गाडी सहा ते नऊ हजार डॉलर, मोठी दहाच्या पुढे. जाहिरातीतल्या किमतीवर वाहतूक, जोडणी, कागदपत्रं आणि कर चढतात. डीलरला "सगळं धरून दाराबाहेर किती?" एवढंच विचारा आणि आकडा लेखी घ्या.

जुनी घेणार असाल तर उजेडात पाहा. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. खडखडलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग गेलंय. ॲक्सलवरचे रबरी बूट फाटलेत का? एअर फिल्टरचा डबा उघडा. आत माती दिसली तर ती इंजिनातही गेलेली असणार. तेल चहाच्या रंगाचं, दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. तिथूनच नमस्कार करून निघा, गाडी कितीही धुतलेली असो.

पायरी ९: पहिल्या दौऱ्याआधी एवढं

विंच: भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट ओढणारी; बहुतेक जण २,५०० ते ३,५०० पौंडांची घेतात. सिंथेटिक दोर घ्या. स्टीलची तार तुटली तर चाबूक होते. सोबत झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा.

टायरचा दाब कारच्या हिशोबाने भरू नका. एटीव्हीला बहुधा ५ ते ७ पीएसआय लागतं. पेट्रोल पंपावरच्या गेजला एवढा छोटा आकडा नीट वाचताच येत नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. पंक्चरची चिकटपट्टी, छोटा पंप, प्रथमोपचार, दोन लिटर पाणी. फोनला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून घ्या. ट्रेलचा परवाना गावातल्या दुकानातच मिळतो. तो हेल्मेटवर चिकटवायचा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी रॅकवरच्या डब्यात छान टिकते. केळी नेऊ नका, दुपारपर्यंत त्यांचं शिकरण होतं.

बेल्टची गाडी असेल तर चढावर आणि दगडांत लो गिअर टाकायचा. हाय गिअरमध्ये हळू चालवत राहिलात तर बेल्ट घसरून जळतो आणि तो वास एकदा आला की विसरत नाही. पाण्यातून गेल्यावर ओढ कमी झाल्यासारखी वाटली तर बेल्ट भिजलाय. कव्हरखालचं बूच काढून पाणी सोडा, न्यूट्रलमध्ये थोडा वेळ इंजिन फिरवा, सुकतो.

पहिल्या उताराला लागताना वर थांबा. सगळ्यांत खालचा गिअर आणि फोर-व्हील वरच टाका, मध्ये नाही. सीटवर मागे सरका, हात सैल, दोन्ही ब्रेक हलके. गाडी इंजिनावर उतरू द्या. मधेच घसरली तर ब्रेक थोडा सोडा, चाकं फिरायला लागली की हँडल ऐकतं.

घरी आल्यावर त्याच रात्री रेडिएटरच्या जाळीतला चिखल पाण्याच्या हलक्या धारेने काढा, जोराचा फवारा मारलात तर पाती वाकतात. एअर फिल्टर उघडून पाहा. आणि चारही चाकांचे नट पान्याने एकदा आवळून घ्या. माझे पहिल्या दौऱ्यानंतर दोन ढिले निघाले होते.